लोकरीचा आठवडा: घोडीचं जेन, आजींच्या सपाता आणि एक टोपडं

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५, लातूर

दिवाळीच्या कातरणीची लोकर सकाळी आली. चाकूरकडच्या एका वाड्यावरच्या मेंढ्यांची, दख्खनी, काळी. पोत्यात तीन किलो मोठ्या मेंढ्यांची आणि वेगळ्या गाठोड्यात सहाशे ग्रॅम जावळ, म्हणजे कोकरांची पहिली कातरण. जावळ वेगळं बांधा, असं मी सांगून ठेवलं होतं. मेंढकेमामांनी ते लक्षात ठेवलं, याचं फार बरं वाटलं. एकदा पोत्यात मिसळलं की ते निवडून काढता येत नाही.

आठवड्याची कामं तीन. उदगीरकडच्या घोडेवाल्या मामांना घोडीच्या खोगिराखाली घालायला जेन, म्हणजे लोकर न विणता दाबून-लाटून केलेली जाड गादी, हवंय. औशाच्या आजींना घरात घालायच्या सपाता, कारण थंडीत शहाबादी फरशीवर त्यांचे पाय गार पडतात. आणि परभणीला भाचीचं बाळ आहे, त्याला टोपडं. मधेमधे दुरुस्तीची कामं येतील ती वेगळी.

जेनाची घाई आहे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते आणि घोडी तिथं न्यायची आहे. सध्या तिच्या पाठीवर फोमची गादी असते. फोम घाम पीत नाही, तो कातडीवरच साचतो, वर खोगीर घासतं आणि मग केस जातात. मामा म्हणाले, "पाठ सोलाय लागली बघा ताई तिची. तुमचं लोकरीचं करून द्या, पण जाड करा." २८ बाय ३० इंच, बोटभर जाड, असं ठरलं.

दख्खनी लोकरीला सगळे एकच नाव ठेवतात: टोचते. टोचतेच. मेरिनोचा धागा वीस मायक्रॉनच्या आसपास असतो, दख्खनीचा त्याच्या जवळपास दुप्पट जाड, आणि त्यात मधेमधे कुसळासारखे राठ केस. त्या लोकरीचा स्वेटर विणणारीनं लोकरीवर राग काढू नये. तिचं काम वेगळं आहे. घोंगडी, जेन, पायाखालचं आसन, जिथं दणका सोसायचा आहे तिथं तिच्यासारखी दुसरी नाही. आज लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून कित्येक वाड्यांवर कातरलेली लोकर तशीच टाकून दिली जाते. मेंढीला मात्र कातरावंच लागतं, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. दर वेळी इतका चांगला माल मातीत जातो, हे मला बघवत नाही. मला जमेल तेवढी मी उचलते.

दुपारभर निवडणं. पाटावर थोडी थोडी पसरून गोखरू, कुसळं, लेंड्यांचे खडे काढले. पोटाखालची, मळकट गाठी झालेली लोकर बाजूला केली. झटकली तरी धूळ संपत नाही. तोंडाला ओढणी बांधूनच हे काम करावं.

मग धुणं, आणि लातुरात धुणं म्हटलं की आधी पाण्याचा हिशेब. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते बघितलेल्या माणसाच्या हातून बादली सैल सुटत नाही. बोअरचं पाणी जड आहे. त्यात साबण फेसाळत नाही, उलट पांढरा साका होऊन केसांना चिकटतो. म्हणून धुवायला रिठा. रात्री भिजवलेले रिठे सकाळी उकळून गाळून घेतले. रिठ्याचा फेस जड पाण्यातही होतो आणि साका धरत नाही.

पद्धत अशी: टपात हाताला चटका बसेल इतकं गरम पाणी, त्यात रिठ्याचं पाणी, आणि जाळीच्या पिशवीत भरलेली लोकर वरून हलकेच दाबून बुडवायची. वीस मिनिटं हात लावायचा नाही. चोळायचं नाही, ढवळायचं नाही, वरून धार सोडायची नाही. गरम पाणी, फेस आणि घासणं, ही तीन एकत्र आली की लोकर जमायला लागते, म्हणजे केस एकमेकांत गुंतून घट्ट होतात, आणि जमवायची वेळ अजून आलेली नाही. पिशवी उचलून निथळायची, तेवढ्याच गरम पाण्यात पुन्हा बुडवायची. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं. ते फेकायचं नाही. मेंढीच्या घामात पालाशाचे क्षार असतात, ते पाणी गार करून लिंबाला आणि पपईला जातं. दुसऱ्या पिशवीचं पहिलं पाणी म्हणजे पहिल्या पिशवीचं शेवटचं पाणी. असं फिरवलं की चार टपांत सगळी लोकर निघते.

संध्याकाळी गच्चीवर बाजेवर पसरली, वर जुनी साडी. कबुतरांना घरट्यासाठी ही लोकर फार आवडते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

लोकर सुकतेय. आज सपातांचा नमुना.

या सपाता आधी मोठ्या, सैल विणायच्या आणि मग गरम पाण्यात आटवून दाट करायच्या. आटल्यावर फरशीचा गारवा आत येत नाही आणि वीण उसवत नाही. पण किती आटेल ते लोकरीगणिक बदलतं. त्यामुळे आधी चौकोन, मग सपाता. हे टाळता येत नाही.

लोकर हिमाचलची, दोन पदरी, करडी. बाजारात "वुलन" म्हणून मिळणाऱ्या लडींत बऱ्याचदा ॲक्रिलिक असतं, आणि ॲक्रिलिक उकळत्या पाण्यात घातलं तरी आटत नाही. म्हणून नवी लडी आली की एक इंचभर धागा चिमट्यात धरून पेटवून बघते. खरी लोकर चुरचुरते, केस जळाल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी होतो. ही लडी खरी निघाली.

दोन धागे एकत्र, ४ नंबरच्या सुया. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत नंबर लहान तेवढी सुई जाड, तेव्हा ४ नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. २८ टाके घातले, एक ओळ सुलट एक उलट, २० सेंटिमीटर उंच होईपर्यंत. चौकोन २० बाय २०. वीण मुद्दाम इतकी सैल की बोट आरपार जावं, कारण धाग्यांना सरकायला जागा नसेल तर ते एकमेकांत शिरणार कसे.

चौकोन गरम पाणी, साबण आणि दोन जुन्या जीन्स यांच्याबरोबर मशीनमध्ये फिरवला. सुकल्यावर रुंदी १६.४, उंची १४.२. म्हणजे आडवं १८ टक्के आटलं, उभं २९ टक्के. विणलेलं कापड आडव्यापेक्षा उभं जास्त आटतं, हे धरून न चालणाऱ्याच्या सपाता रुंद आणि आखूड होतात.

आजींचं पाऊल २३.५ सेंटिमीटर लांब, घेर २२. लांबीसाठी २३.५ भागिले ०.७१, म्हणजे ३३ सेंटिमीटर विणायचं. घेरासाठी २२ भागिले ०.८२, म्हणजे जवळजवळ २७, आणि दहा सेंटिमीटरला १४ टाके या हिशेबानं ३८ टाके. आकडे वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले. रात्री पहिली सपाता टाचेपर्यंत आली. एवढी मोठी दिसते की शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय करलालीस बाई, हत्तीला घालणार का काय?"

बुधवार, २६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

सकाळ देवाची. तळी उचलली, वांग्याचं भरीत आणि रोडगा. चातुर्मासानंतर आजच्या पहिल्या भरिताची चव काही वेगळीच लागते.

तळी संपते न संपते तोच गल्लीतले एक काका घोंगडी घेऊन आले. वडिलांच्या वेळची, हातमागावरची, कडेला पांढरी पट्टी. कसरीनं दोन ठिकाणी खाल्लेली, एक भोक रुपयाएवढं आणि एक त्याहून लहान. हीच घोंगडी देवापुढं अंथरतात, तेव्हा ती आजच हवी होती.

असं भोक धाग्यानं रफू केलं तर गाठ हाताला लागते. मी लोकरीनंच भरते. पोत्यातली काळी लोकर बोटांनी मोकळी करून भोकावर दोन थरांत ठेवली, खाली स्पंजची जाड वीट, आणि ३६ नंबरची फेल्टिंगची, म्हणजे लोकर जमवायची, सुई. ही सुई तिधारी असते, धारेवर बारीक खाचा असतात, सगळ्या खालच्या दिशेला. सुई खाली जाताना खाचा केसांना धरून आत ओढतात, वर येताना मोकळी सुटते. त्यामुळे टोचावं तसं केस घोंगडीत शिरत जातात. नंबर वाढला की सुई बारीक. घोंगडीसारख्या राठ कामाला ३६, वरचा हात फिरवायला ३८. सुई सरळ खाली आणि सरळ वर न्यायची, तिरकी झाली की टोक मोडून आत राहतं. घोंगडी उलटून मागूनही तेवढंच टोचलं. काळ्यात काळं मिसळलं, भोक कुठं होतं ते काकांना बोट ठेवून दाखवावं लागलं.

घोंगडीचा ताणा करताना चिंचोक्याची खळ देतात. या घोंगडीत ती अजून जाणवते. कडेला हात लावला की कडक, मधे वापरून मऊ झालेली. कसर पुन्हा लागू नये म्हणून काकांना सांगितलं: पेटीत घडी घालून वर्षभर ठेवू नका, दर महिना-दोन महिन्यांनी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी घाला आणि झटका. कसरीची अळी अंधारात आणि न हलवलेल्या कपड्यातच वाढते.

दुपारनंतर पिंजणं. धुतलेल्या लोकरीचं वजन: मोठ्या मेंढ्यांची २ किलो २००, जावळ साडेचारशे ग्रॅम. तीन किलोतले आठशे ग्रॅम धूळ आणि काडीकचरा होता.

पिंजाऱ्याची कमान माझ्याकडे नाही, दातेरी फण्यांची जोडी आहे. एका फणीवर मूठभर लोकर घ्यायची, दुसरी तिच्यावरून ओढायची, केस मोकळे होऊन एका दिशेला लागतात, मग पट उचलून ठेवायचा. खांदे भरून येतात. राठ कुसळं खाली पडत जातात आणि ती पडली तर चांगलंच, कारण ती जमत नाहीत, जेनातून बाहेर डोकावतात. काकूंनी निम्मी पिंजून दिली. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, त्यांच्या पटातून उजेड दिसतो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. काकूंना उपास आणि संध्याकाळी घट, तेव्हा त्यांना दुपारपर्यंतच मोकळीक. सकाळी सातलाच गच्चीवर ताडपत्री अंथरली, वर बांबूची चटई, वर जुनं सुती पातळ.

मांडणी ४२ बाय ४५ इंच. तयार माप २८ बाय ३० हवं आणि दख्खनी लोकर मी केलेल्या नमुन्यात तिसरा हिस्सा आटते, म्हणून दीडपट. खडूनं पातळावर चौकट आखली. वजन १ किलो ६०० धरलं: खाली दीडशे ग्रॅम जावळ, मधे एक किलो तीनशे मोठी लोकर चार थरांत, वर पुन्हा दीडशे ग्रॅम जावळ. जावळ बारीक असल्यामुळे चटकन जमतं आणि राठ लोकरीला दोन्हीकडून धरून ठेवतं. घोडीच्या कातडीला लागणार तेही जावळच.

प्रत्येक थर आधीच्याशी काटकोनात. एक उभा, एक आडवा. लोकरीच्या केसावर कौलांसारखी एकावर एक खवलं असतात, टोकाकडं तोंड करून. कोमट पाण्यानं आणि साबणानं ती उघडतात, केस फुगतो, आणि दाबून हलवलं की प्रत्येक केस आपल्या बुडाकडच्या दिशेनं सरकत जातो, मागं फिरत नाही. म्हणून जमलेली लोकर पुन्हा सुटी होत नाही. पण केस ज्या दिशेला पडलेत तिकडंच सरकणार, तेव्हा सगळे एकाच बाजूला मांडले तर जेन एकीकडून आटेल आणि दुसरीकडून फाटेल.

थर मांडून झाल्यावर डोळ्यांनी बघून भागत नाही. तळवा दाबत दाबत सगळीकडून फिरवते. जिथं फरशी लागल्यासारखं वाटतं तिथं लोकर कमी. दोन ठिकाणी लागली, एक डाव्या कोपऱ्यात आणि एक मध्याच्या जरा वर, खोगिराचा दाब येईल नेमकी तिथं. तिथं दोन्ही दिशांनी पातळ पट वाढवले. ही फिरवणी मी कधी सोडत नाही. पाणी पडल्यावर पातळ जागा भरता येत नाही.

मग पाणी. इथं मात्र साबण लागतो, आणि तोही खोबरेल तेलाचा साधा, किसून कढत पाण्यात विरघळवलेला. त्यासाठी बोअरचं न घेता पावसाळ्यात पत्र्यावरून धरून ठेवलेलं पाणी काढलं. सांडशीनं झारी धरून मध्यापासून बाहेर शिंपडत गेले. वरून पातळ टाकलं आणि दोघींनी तळहातांनी दाबायला सुरुवात केली, चोळायला नाही. हवा बुडबुड करत कडेनं निघते. सगळं भिजून चपटं झालं की दहा इंच उंच मांडलेला ढीग चार बोटांवर येतो.

मधे प्लास्टिकचा पाइप घालून चटईसकट गुंडाळी केली, सुतळीनं तीन ठिकाणी बांधली. आणि लाटणं. आधी फक्त हातांच्या वजनानं, शंभर फेऱ्या झाल्या की उघडायचं, सुरकुत्या ओढून काढायच्या, पाव वळसा फिरवून पुन्हा गुंडाळायचं. पहिल्या तासात जोर लावला तर थर एकमेकांवरून घसरतात. काकू दमानं लाटतात आणि मला दमानं घ्यायला लावतात. लाटता लाटता महालक्ष्मीची कहाणी अर्धी म्हणून झाली त्यांची.

दुपारी काकू गेल्या. त्या वेळेला माप ३९ बाय ४२. वरचा थर चिमटीत धरून उचलून बघितला: केस सुटे येत नाहीत, सगळं एकत्र उचलतं. म्हणजे धरलंय. ओलं तसंच गुंडाळून ठेवलं.

रात्री टोपड्याचे टाके घातले. त्याबद्दल शनिवारी.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आजचा दिवस जेन आटवण्याचा. पूर्ण दिवस गेला आणि तो जायलाच हवा.

सकाळी बंबात पाणी तापवलं. कालचं गार साबणपाणी पिळून काढून कढत पाणी ओतलं, आणि आता हातांऐवजी पाय. गुंडाळी भिंतीशी ठेवून, कठड्याला धरून, पायाखाली पुढं-मागं. भाचा कॉलेजला जायच्या आधी तासभर आला, त्याच्या पायात जोर आहे. दहा वाजता उघडलं तेव्हा ३५ बाय ३७.

बारा वाजता ३१ बाय ३५. जेन ज्या दिशेला गुंडाळतो त्या दिशेला जास्त आटतं. एक बाजू चार इंचांनी आली, दुसरी दोनच. त्यामुळे पुढचे दोन तास फक्त लांब बाजूनं गुंडाळलं. आटणं असं हातात असतं. माप बघायचं, जी बाजू मागं आहे तिकडून लाटायचं. चौकोन कधी आपोआप चौकोन होत नाही.

या टप्प्यावर लोकरीचं रूप पालटतं आणि ते बघायला मला आजही तितकंच आवडतं. सकाळपर्यंत वरचा भाग गुळगुळीत होता. दुपारी त्यावर बारीक दाणे उठले, मुरूम घातल्यासारखे. आतले थर आटून वरच्याला ओढायला लागले की हे दाणे येतात. बोटानं दाबलं तर खळगा पडून राहत नाही, लगेच वर येतो. कडेला अंगठा आणि तर्जनीत धरून पीळ दिला तर थर वेगळे सरकत नाहीत. काळा रंगही गडद झाला. कालपर्यंत उन्हात तपकिरी झाक मारणारी लोकर आता काळी कुळकुळीत.

शेवटी आपटणं. ओलं जेन घडी घालून गच्चीच्या फरशीवर जोरानं, पुन्हा उचलून दुसऱ्या बाजूनं. ओलं जड असतं, दोन्ही हातांनी उचलावं लागतं. खाली राहणाऱ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. चार वाजता माप २८.५ बाय ३०, जाडी मधे दीड सेंटिमीटरच्या थोडी वर. थांबले. सुकताना ते किंचित ओढेल.

साबण पूर्ण निघायला हवा, नाहीतर घोडीच्या घामानं पुन्हा सुटेल आणि कातडीला लागेल. तीन साधी पाणी, चौथ्यात अर्धी वाटी व्हिनेगर. साबण क्षारधर्मी, व्हिनेगर आंबट, त्यानं उरलेला अंश मरतो आणि केसांची खवलं मिटतात. मग घडी घालून वर पाटा, आणि पाट्यावर भाचा.

जेन आणि घोडा ही जोडी फार जुनी आहे. सायबेरियाच्या अल्ताई डोंगरात पाझिरिक इथं गोठलेल्या जमिनीतली थडगी उकरली तेव्हा माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले, त्यांच्या खोगिरांवरच्या फेल्टच्या झुली रंगांसकट शाबूत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या. आज त्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. तेव्हाही लोकर, पाणी आणि लाटणं, हेच. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका ओलावा पिऊन घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. घोड्याच्या पाठीवर नेमकं हेच पाहिजे. मामांनी फोम आणला तो स्वस्त आणि हलका म्हणून, आणि ते समजू शकते. पण घोडीला ते सांगता येत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दोन्ही सपाता विणून तयार. ३८ टाके, टाचेपासून पंजापर्यंत सरळ, पंजाला दर ओळीआड दोन टाके एकत्र घेत आठ टाक्यांवर आणलं, धागा त्यातून ओवून ओढला. आटण्याआधी लांबी ३३.

उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं, जीन्स सोबत. आमचं मशीन वरून उघडणारं आहे, गरम पाणी बादलीनं ओतावं लागतं. पाच-पाच मिनिटांनी थांबवून काढून बघितलं. टाके दिसेनासे होईपर्यंत चालवायचं, पण माप हातातून जाऊ द्यायचं नाही, कारण आटलेलं परत सैल होत नाही. तिसऱ्या वेळी काढल्या तेव्हा एक २४.५, दुसरी २४. लांब राहिलेली एकटीच आणखी पाच मिनिटं फिरवली. मशीनमध्ये पिळल्या नाहीत, घडीची रेघ पडली तर ती कायमची राहते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबल्या आणि आत कागदाचे बोळे भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घालून पावलाचा आकार दिला.

तळाला जेनाची कातरण लावणार होते, पण फेल्ट गुळगुळीत फरशीवर सरकतं आणि आजींचं वय ऐंशीच्या पुढचं. त्यामुळे तळाला पातळ चामडं, खडबडीत बाजू खाली. मोच्याकडून दोन तुकडे कापून, कडेनं भोकं पाडून आणले. शिवायला मेणाचा दोरा. हा खर्च मी आजींच्या हिशेबात धरला नाही.

आता टोपडं. ही लोकर मेरिनो, सुपरवॉश, फिकट पिवळी. बाकी आठवडाभर जे घडवत होते त्याच्या अगदी उलट इथं आहे: केसांवरची खवलं क्लोरीननं घासून घालवतात आणि वर पातळ रेझिनचा लेप देतात, त्यामुळे ही लोकर मशीनमध्ये धुतली तरी आटत नाही. बाळाच्या कपड्याला ते हवंच. बाळंतिणीला हातानं, गार पाण्यात, न चोळता धू म्हणून सांगणं हा अन्याय आहे. काही जणी सुपरवॉशला नाकं मुरडतात, लोकरीचा जीव काढला म्हणतात. मला तसं वाटत नाही. रोज दुधाचे डाग पडणाऱ्या टोपड्याला आणि घोडीच्या जेनाला एकच लोकर कशी चालेल?

९ नंबरच्या सुया, ८० टाके. आठ ओळी एक टाका सुलट एक टाका उलट, म्हणजे कपाळावर ताणून बसतं. मग साधी वीण अकरा सेंटिमीटरपर्यंत. माथ्याला दहा-दहा टाक्यांचे आठ भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी दोन टाके एकत्र, एक ओळ सोडून पुन्हा. आठ टाके उरले की धागा ओवून आत बंद. गळ्याशी बांधायच्या नाड्या लावल्या नाहीत. भाचीच्या सासूबाईंनी गोंड्यांच्या नाड्या हव्यात म्हणून कळवलं होतं, पण झोपेत बाळाच्या मानेभोवती दोरी नको. गोंडा माथ्यावर एक शिवला, घट्ट, ओढून बघितला. वाटलं तर माझ्यावर रागावू देत.

रविवार, ३० नोव्हेंबर

जेन गच्चीवर बाजेवर आडवं, दोन्ही बाजूंनी वारा. उभं वाळत घातलं तर पाण्याच्या वजनानं खाली ओघळतं. वरून हाताला कोरडं लागतं, पण आत ओल आहे, हे तराजू सांगतो: १ किलो ९००. पिंजलेल्या लोकरीतली थोडी धुण्यात गेली, ती सोडून कोरडं वजन साडेपंधराशेच्या आसपास यायला हवं. म्हणजे अजून तीनशे-साडेतीनशे ग्रॅम पाणी मधल्या थरांत बसलंय. असं दिलं तर आठ दिवसांत कुबट वास येईल.

कडा मात्र आजच कापल्या, ओलसर असताना कात्री स्वच्छ चालते. कापलेल्या कडेला सहा थर वेगळे दिसतात का बघितलं. दिसत नाहीत, एकच अंग झालंय. कडेला साबणाचं बोट फिरवून पुन्हा दाबून घेतली. मधोमध, कण्यावर येईल तिथं, चामड्याची पट्टी लावायची की नाही यावर मामांशी फोनवर बोलले. पट्टी नको ठरलं, जेन कण्यावरून मोकळं वाकायला हवं. मात्र पुढच्या बाजूला, घोडीच्या खांद्यामागं, खोगिराला अडकवायला दोन वाद्या शिवायच्या.

कातरणी सव्वाशे ग्रॅम निघाल्या. त्यांतून चहाच्या भांड्याखाली ठेवायला दोन चकत्या आणि काकूंच्या देव्हाऱ्यासमोर बसायला एक लहान तुकडा. उरलेली सहाशे ग्रॅम पिंजलेली लोकर कडुलिंबाचा पाला घालून कापडी पिशवीत बांधली.

आजींच्या सपाता सुकल्या, २३.५ आणि २३.५. उद्या औशाच्या बसनं जाणाऱ्या ओळखीच्या बाईंकडे देते. टोपडं परभणीला कुरियरनं. जेनाचं वजन उद्या सकाळी आणि परवा सकाळी. दोन दिवसांचं वजन सारखं आलं की वाद्या शिवून मामांना फोन. मेंढकेमामांनाही कळवायचंय, पुढच्या कातरणीचं जावळ असंच वेगळं ठेवा, सगळं मी घेते.